गुडघ्यावरची थाप

व्हर्लन मॅडक्सला ऐकू येत नाही हे मला सगळ्यांच्या आधी कळलं, कारण मी त्याच्यावर डोळा ठेवून होते. माझा नवरा होबार्ट जिवंत असताना मी त्याच्याकडेसुद्धा कधी जेवढं निरखून पाहिलं नसेल, तेवढं तो गेल्यावर मी व्हर्लनकडे पाहत होते.

रविवारी चर्चमध्ये गाणं संपून सगळे खाली बसले तरी व्हर्लन उभाच. एक ओळ जास्तीची म्हणायचा, मग बायकोनं कोटाचं टोक ओढलं की बसायचा. दुकानात मागून हाक मारली तर वळायचा नाही. समोरून बोललं की डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघायचा आणि उगाच मोठ्यानं हसायचा. उभा जन्म बंदुकीच्या दस्त्याला गाल लावून काढल्यावर कान शाबूत कसे राहतील? आमच्या तळ्यावरचे निम्मे म्हातारे तसेच. पण बाकीचे ‘काय म्हणालास रे?’ असं सरळ विचारायचे. व्हर्लन विचारत नव्हता. त्याला लाज होती, आणि लाजेपेक्षा जास्त भीती.

भीती तळ्याच्या कायद्याची. टेनेसीच्या या टोकाला सरकारचे कायदे आहेत, आणि तळ्याचे वेगळे. पाण्यात उभ्या असलेल्या सायप्रसच्या झाडांमध्ये खांबांवर मचाणं बांधलेली, बाहेरून फांद्यांनी झाकलेली. प्रत्येक मचाणाला एक कारभारी. हंगामाच्या पहिल्या पहाटे कारभाऱ्यानं स्वतः मचाणात असायचं. नसला, तर जो तिथे बसलेला सापडेल त्याचं मचाण. दुपारी सगळे धक्क्यावर जमतात, राखणदार एकेका मचाणाचं नाव घेतो, आणि ज्याचं असेल तो ‘माझं’ म्हणतो. झालं. मग वर्षभर कुणी बोलायचं नाही.

दुसरी गोष्ट भोंग्याची. पंपघरावरचा भोंगा वाजल्याशिवाय बार काढायचा नाही. घड्याळं आमच्याकडे चालत नाहीत. ज्याच्या त्याच्या मनगटावर ज्याची त्याची वेळ असते. धुकं असलं तर राखणदार चांगलं दिसेपर्यंत भोंगा अडवून धरतो. फार पूर्वी एका बहिऱ्या कारभाऱ्यानं धुक्यात भोंग्याआधीच बार काढला आणि समोरून वल्हवत येणाऱ्या माणसाचा हात गेला. तेव्हापासून ठरलं, की ज्याच्या मचाणातून आधी बार निघेल त्याचं मचाण त्याच दुपारी करवतीनं कापून पाडायचं. बंदूक कुणाचीही असो, जाब कारभाऱ्याला. आणि ज्याला भोंगा स्वतःच्या कानांनी ऐकू येत नाही, त्यानं कारभारी राहायचं नाही.

आता होबार्टचं सांगते. सायप्रस कोपऱ्यावरचं मचाण त्यानं स्वतः उभं केलं होतं. लग्न झालं त्या हिवाळ्यात खांब ठोकले. व्हर्लन त्याचा जोडीदार, पण कारभारी होबार्ट. पुढे होबार्टची छाती धरली. हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी तो अंथरुणात, अंगात ताप, आणि व्हर्लन पलंगाच्या कडेवर बसून म्हणाला, “तू पडून राहा रे. तुझ्या जागी मी बसतो. दुपारी धक्क्यावर तुझं नाव सांगतो. कोण नाही म्हणतंय?”

दुसऱ्या दिवशी दुपारी राखणदारानं सायप्रस कोपऱ्याचं नाव घेतलं तेव्हा व्हर्लन म्हणाला, “माझं.”

संध्याकाळी तो दोन बदकं घेऊन आमच्या दारात आला. “नियम म्हणजे नियम, होबार्ट,” म्हणाला. “मी तुझं नाव घेतलं असतं तर उद्या सगळेच घरात झोपून मचाणं राखतील.” होबार्टनं भिंतीकडे तोंड केलं. मला म्हणाला, बदकं ठेवून घे. मी ती शेजारच्या डुकरांना घातली, पिसांसकट.

पुढच्या वर्षी होबार्टला जरा बरं होतं. तो आपली बंदूक घेऊन धक्क्यावर गेला. कारभारीपण नको, नुसतं बसायला मिळावं एवढंच मागितलं त्यानं. व्हर्लन म्हणाला, “जागा भरली रे. आणि तू खोकतोस. बदकं उडतील.” सगळ्यांच्या देखत. त्या सकाळी होबार्ट धक्क्यावर एका उलट्या खोक्यावर बसून दुसऱ्यांच्या बंदुका ऐकत राहिला. सायप्रस कोपऱ्यातून बार निघाला की शेजारी उभ्या असलेल्या मला म्हणायचा, “हा आपला.” तो हिवाळा त्याला पुरा झाला नाही.

होबार्टनं मला काही करायला सांगितलं नव्हतं. तो असता तर त्यानं मला थांबवलं असतं. तो असेपर्यंत म्हणूनच मी गप्प होते.

ऑगस्टमध्ये मी व्हर्लनच्या घरी गेले. तो पडवीत बंदूक पुसत बसला होता. मी त्याच्या अगदी समोर उभी राहिले आणि म्हणाले, “व्हर्लनभाऊ, मला शिकार शिकवा.”

“तुम्हाला?” तो हसायला लागला. “वहिनी, तुम्ही आजवर बदकं सोललीत. मारली कधी?”

“घर खायला उठतं. इतकी वर्षं तो पहाटे जायचा, तिथे काय होतं ते एकदा बघायचंय.”

तो हसला, थांबला, आणि मला दिसलं की त्याच्या डोक्यात काहीतरी फिरतंय. मागच्या वर्षी भोंगा वाजून सगळं तळं दणाणायला लागलं तरी त्याच्या मचाणातून बराच वेळ बार निघाला नव्हता. लोक बोलले होते. त्याच्या मचाणात दुसरा असायचा तो त्याचा मेहुणा, बहिणीचा नवरा, ऑर्बी स्ट्रेहॉर्न, त्याचेही कान अर्धे गेलेलेच. तिसरा कुणी नवा, चांगल्या कानांचा शिकारी घ्यावा तर तो धक्क्यावर बोलणार. आणि इथे एक विधवा समोर उभी होती, जिला बंदुकीचं तोंड कुठलं ते माहीत नव्हतं. वर लोकही म्हणतील, बघा, व्हर्लननं होबार्टच्या बायकोला मचाणात जागा दिली. जुनं उकरून काढणारी तोंडं बंद.

“कान कसे आहेत तुमचे?” त्यानं विचारलं.

“तळ्यावर होबार्टनं बदकांना बोलवायची पिपाणी वाजवली की स्वयंपाकघरातून ओळखायचे मी.”

“मग या. एक काम मात्र तुमच्याकडे. मी पिपाणी वाजवत असतो, माझं सगळं लक्ष पाण्यावर. भोंगा वाजला रे वाजला की माझ्या गुडघ्यावर थाप मारायची. एवढंच. येईल?”

“एवढंच ना? येईल की.”

त्यानं मला शिकवलं, आणि चांगलं शिकवलं हे मी नाही म्हणणार नाही. त्याच्या परसात कुंपणावर डबे मांडले. पहिल्या बाराला दस्ता खांद्यावर असा आदळला की मी मागच्या मागे बसले.

“अहो वहिनी, बंदूक धरायची, बंदुकीला आपल्याला धरू नाही द्यायचं!” व्हर्लन पोट धरून हसला. ऑर्बी कुंपणापलीकडून म्हणाला, “मिस लूडी, डबा तिथेच आहे हां. घाबरला मात्र बिचारा.” आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणतात.

खांदा काळानिळा पडला. मी रोज त्याला कापूर चोळायचे आणि रोज परत जायचे. पाण्यात उतरायची रबरी विजार माझ्या मापाची कुठे मिळेना, तेव्हा व्हर्लननं आपल्या मोठ्या मुलाची दिली. ती माझ्या काखेपर्यंत यायची आणि आत दोन उश्या मावतील एवढी जागा. चालताना फटफट वाजायची. ऑर्बी म्हणाला, “मिस लूडी, तुम्ही पाण्यात पडलात तर बुडणार नाही. तरंगत मिसिसिपीत जाल.” मी हसले. त्या दिवसांत मी पुष्कळ हसले. माझ्या बहिणीला वाटलं, बाई सावरली.

त्यांनी मला सांगितलेलं सगळं मी लक्षात ठेवलं. बदकं डोक्यावर घिरट्या घालायला लागली की वर बघायचं नाही. माणसाचा चेहरा पाण्यावरच्या ताटासारखा चमकतो, आणि बदकं तो बघून निघून जातात. नवखा माणूस हमखास वर बघतो. हलायचं नाही. शिंक आली तर गिळायची. कारभारी ‘मारा’ म्हणेपर्यंत बंदूक उचलायची नाही. पाण्यावर बसलेल्या बदकाला मारायचं नाही, ते उडालं की मारायचं. व्हर्लन हे सांगताना एखाद्या पाद्र्यासारखा गंभीर व्हायचा. पाण्यावरच्या बदकाची त्याला एवढी चाड, आणि पलंगावर निजलेल्या होबार्टची नव्हती. मी मान डोलवायचे.

हंगाम उघडायच्या दिवशी तळ्यावर धुकं होतं. असं धुकं, की बोटीत पुढे बसलेला व्हर्लन मला नुसता काळा डाग दिसत होता. ऑर्बी मागे मोटर धरून. त्यांची काळी कुत्री डॉली माझ्या पायावर बसली होती आणि थरथरत होती, थंडीनं नाही, आनंदानं. मी पण थरथरत होते.

मचाणात चढले तेव्हा मला पहिल्यांदा ते आतून दिसलं. कंदिलाच्या उजेडात बाक दिसला, बंदुका टेकवायची खाच, कॉफीची किटली ठेवायला फळी. प्रत्येक कोपरा तासून गुळगुळीत केलेला. होबार्टला फाटे राहिलेले चालायचे नाहीत. आमच्या घरातल्या पलंगाचे कोपरे तसेच आहेत. व्हर्लन त्या बाकावर मधोमध बसला, पाय पसरले, आणि म्हणाला, “या, बसा. राणीसारख्या बसा.”

त्यानं मला आपल्या उजव्या हाताला बसवलं, ऑर्बी डावीकडे. बाहेर खऱ्यांना भुलवायची लाकडी बदकं पाण्यावर सोडली. कंदील विझवला. ऑर्बीनं कॉफी ओतली, मी घरून आणलेली मक्याची भाकरी आणि डुकराच्या मांसाचे तळलेले तुकडे वाटले.

“वहिनी, तुम्ही आधी का नाही आलात?” व्हर्लन तोंडात घास घेऊन म्हणाला. “इतकी वर्षं होबार्ट आम्हाला नुसती थंड बिस्किटं खायला घालायचा.”

“मला कुणी बोलावलं नाही,” मी म्हणाले. अंधार होता, ओठ दिसत नव्हते. त्याला काही कळलं नाही. तो “हो ना, हो ना” म्हणाला.

मग उजाडायला लागलं. उजाडलं म्हणण्यासारखं काही नव्हतं, काळ्याचं करडं झालं एवढंच. व्हर्लननं मनगट डोळ्यांशी नेलं. घड्याळात वेळ होऊन गेली होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, भुवया उचलल्या. मी मान हलवली. नाही.

आणि बदकं आली. मी वर पाहिलं नाही. मला त्यांचे पंख ऐकू आले, डोक्यावरून कुणीतरी रेशमी कापड झटक्यात फाडावं तसे. व्हर्लननं होबार्टच्या गळ्यातली ती पिपाणी तोंडाला लावली. ती त्यानं मचाणासकट ठेवून घेतली होती. वाजवली मात्र चांगली, हे मला कबूल करावं लागतं. पंख एकदा गेले, फिरून आले, परत गेले. मग पाण्यावर पाय घासल्याचा आवाज, आणि फांद्यांच्या फटीतून मला ती दिसली. हिरव्या डोक्याचे नर, तपकिरी माद्या, लाकडी बदकांमध्ये येऊन बसलेली, आपसात बोलणारी. एवढी सुंदर गोष्ट मी या तळ्यावर जन्म काढून पाहिली नव्हती. क्षणभर मी कशासाठी आले आहे ते विसरले. तेवढंच, क्षणभर.

व्हर्लन माझ्याकडे वाकला. त्याचा श्वास कॉफीचा येत होता. “वाजला?” त्यानं ओठांनीच विचारलं.

मी ऐकत होते. मला एकाच गोष्टीची खात्री हवी होती. त्या धुक्यात समोर कुणी असता कामा नये. माझं व्हर्लनशी होतं, दुसऱ्या कुणाशी नव्हतं. आणि तेवढ्यात खरोखरच लांब कुठेतरी मोटर फुरफुरली. कुणीतरी उशिरा निघालेलं आपलं मचाण शोधत होतं. आवाज समोरूनच चालला होता, डावीकडून उजवीकडे. मी मान हलवली. नाही.

व्हर्लन चुळबुळ करायला लागला. बदकं पाण्यावर फार वेळ थांबत नाहीत, लाकडी बदकं बोलत नाहीत हे त्यांना लवकर कळतं. एक नर गोल फिरला, मान उंच केली. व्हर्लनचा पाय बाकाखाली हलत होता. त्यानं परत माझ्याकडे पाहिलं. मोटर आता उजवीकडे झाडांमागे गेली होती, मग बंद पडली. मी आणखी ऐकलं. वल्ह्याचा आवाज नाही, माणसाचा नाही. समोर मोकळं पाणी होतं, बस्स.

मी व्हर्लनच्या गुडघ्यावर थाप मारली.

“मारा!” तो ओरडला आणि उभा राहिला. बदकं उडाली, आणि त्यानं बार काढले. एकामागून एक. दोन नर धुक्यातून खाली आले, पाणी उडालं. डॉली उडी मारून गेली.

ऑर्बी उभा राहिला होता, बंदूक खांद्यापर्यंत नेली होती, पण बार काढला नव्हता. त्यानं बंदूक हळूच खाली घेतली. त्याचा चेहरा पिठासारखा झाला. मी माझी उचललीच नव्हती.

कारण तळ्यावर सगळीकडे शांतता होती. हंगामाच्या पहिल्या बाराला तळं कसं उखळात मुसळ पडावं तसं दणाणायला लागतं, चहूकडून, श्वास घ्यायला फुरसत नाही. आणि आता व्हर्लनच्या बंदुकीचा आवाज झाडांवर आपटून एकटाच परत येत होता. पलीकडच्या मचाणातून कुणीतरी ओरडलं, “ए! कोण आहे रे तो?” दुसरा म्हणाला, “कोपऱ्यावरून आला!”

व्हर्लनला यातलं काही ऐकू गेलं नाही. तो हसत होता. “बघितलंत वहिनी? पहिले आपले!” त्यानं काडतुसं भरली. एक मादी गोंधळून परत वळली होती, तिलाही पाडलं. “हाणा की! बघत काय बसलात? ऑर्बी, झोपलास का?”

ऑर्बीनं आपली बंदूक खाचेत टेकवली.

मग बऱ्याच वेळानं पंपघरावरचा भोंगा वाजला. लांबलचक, धुक्यातून येणाऱ्या गाईच्या हंबरण्यासारखा. सगळं तळं एकदम कडाडलं. मी हात मांडीवर ठेवून बसले. व्हर्लन धुक्याकडे तोंड करून पिपाणी वाजवत होता, मान हलवत, खुशीत.

परतताना व्हर्लन बोटीच्या टोकाला बसला, आमच्याकडे पाठ करून, बदकं पायाशी मांडून. ऑर्बी मागे मोटरपाशी, मी मध्ये.

“मिस लूडी,” ऑर्बी म्हणाला, नेहमीच्या आवाजात, हळू बोलायची गरजच नव्हती. “भोंगा वाजला नव्हता.”

“नाही.”

“तुम्हाला ठाऊक होतं.”

“हो.”

त्यानं मोटर हळू केली. “मला नाही ऐकू आला. म्हटलं आपलेच कान. पण थाप पडली आणि दुसरा एकही बार नाही, तेव्हा कळलं.” मग म्हणाला, “आत्ता सांगू का त्याला? धक्क्याला पोचायच्या आत काही जुळवेल तो. बंदूक बिघडली, आपोआप सुटली म्हणेल, काहीतरी.”

“तुमचा मेहुणा आहे. तुम्ही ठरवा.”

ऑर्बीनं व्हर्लनच्या पाठीकडे पाहिलं. “त्या दिवशी धक्क्यावर तो ‘माझं’ म्हणाला, तेव्हा मी त्याच्या शेजारी उभा होतो. होबार्टनं मला आदल्या रात्री काय ठरलंय ते सांगितलं होतं.” त्यानं मोटरचा दांडा वळवला. “माझी बायको माझं डोकं फोडेल.”

आणि त्यानं त्याला काही सांगितलं नाही.

धक्क्यावर सगळे जमलेले होते. रोजच्यासारखी थट्टा नाही, कुणी कुणाच्या बदकांना नावं ठेवत नव्हतं. व्हर्लन बदकं दोन्ही हातांत धरून उतरला. “काय रे, मयताला आलात काय?” म्हणाला. कुणी हसलं नाही.

क्लॉइस टेट आमचा राखणदार. बुटका माणूस, कधी आवाज चढवत नाही. तो व्हर्लनच्या समोर आला. “सायप्रस कोपरा?”

“माझं,” व्हर्लन म्हणाला.

“तुझ्या मचाणातून भोंग्याआधी बार निघाले, व्हर्लन.”

“काय बडबडतोस? भोंगा वाजला म्हणूनच तर...”

“सगळ्या तळ्यानं ऐकलं. विचार कुणालाही.”

व्हर्लननं आजूबाजूला पाहिलं. चेहरे पाहिले. मग माझ्याकडे वळला, आणि मला त्याच्या डोळ्यांत कळलेलं दिसलं. मी तो क्षण तीन हिवाळे मनात बघितला होता, पण मनातला इतका चांगला नव्हता.

“हिनं थाप मारली!” तो ओरडला. “विचारा हिला! गुडघ्यावर थाप मारली हिनं!”

“कसली थाप?” क्लॉइसनं विचारलं.

व्हर्लनचं तोंड उघडंच राहिलं. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं, “बाईनं गुडघ्याला हात लावला की तुझा बार निघतो होय रे?” दोघेतिघे हसले, मग तेही गप्प झाले, कारण क्लॉइस हसला नव्हता. तो चालत चालत व्हर्लनच्या मागे गेला. दोन पावलांवर उभा राहिला आणि रोजच्या आवाजात म्हणाला, “व्हर्लन, तुझी बोट सुटली बघ. चालली पाण्यात.”

सगळ्यांनी बोटीकडे पाहिलं. बोट बांधलेलीच होती. व्हर्लननं पाहिलं नाही. तो आमच्या तोंडांकडे बघत उभा होता, एकाच्या, मग दुसऱ्याच्या, हे सगळे कुठे बघताहेत ते न कळून. हातातली बदकं खाली लोंबत होती. त्यानं हसून पाहिलं, दुकानात हसायचा तसं.  मग तो गर्रकन मागे वळला आणि क्लॉइसला तिथे उभा पाहून त्याला समजलं. मानेपासून कानांपर्यंत लाल झाला.

“मिस लूडी,” क्लॉइस माझ्याकडे वळला. “थाप मारली तुम्ही?”

“मारली.”

“भोंगा वाजला होता?”

मी नवखी होते. ‘मला वाटलं वाजला’ एवढं म्हटलं असतं तर कुणी मला बोट लावलं नसतं. पण मग ते चुकून घडलं असतं.

“नाही,” मी म्हणाले. व्हर्लनकडे तोंड करून म्हणाले, म्हणजे त्याला वाचता यावं. “समोर कुणी नाही याची खात्री केली आणि मारली. याला माझ्या कानांवर भरवसा होता. होबार्टलाही याच्या शब्दावर होता.”

 क्लॉइसनं टोपी काढली, परत घातली. “कारभारी तो आहे. कान त्याचे हवेत. मचाण पडेल,” तो म्हणाला. “आणि मिस लूडी, धुक्यात मुद्दाम बार काढायला लावणाऱ्याला या तळ्यावर कुठल्याच मचाणात जागा नाही. कायमची.”

“मला कुठे हवीय,” मी म्हणाले.

करवती घेऊन चार बोटी निघाल्या, एकीत मी. व्हर्लनलाही यावं लागलं, कारभाऱ्यानं बघायचं असतं. तो आपल्या बोटीत बसला, मचाणाकडे पाठ करून. त्याला कुणी वळायला सांगितलं नाही.

एक तरुण माणूस करवत घेऊन पाण्यात उतरला. मी म्हणाले, “दे इकडे. पहिला खांब मी कापते.”

“बाई, जुना सायप्रस आहे. दगड झालाय.”

“मला माहीत आहे कसला आहे. माझ्या नवऱ्यानं ठोकलाय.”

त्या ढगळ रबरी विजारीत मी छातीभर पाण्यात उभी राहिले आणि करवत लावली. लाकूड खरंच दगडासारखं होतं. बंदुकीनं काळानिळा झालेला खांदा पेटला. भुसा पाण्यावर लालसर पसरत गेला, आणि वास आला, आमच्या लग्नाच्या वर्षी होबार्टच्या सदऱ्यांना यायचा तो. मी थांबले नाही. पुरुष दुसरीकडे बघत होते. एकदा ऑर्बी जवळ आला, हात पुढे केला. मी करवत दिली नाही. पहिला खांब मी पुरा कापला, मग बाकीचे त्यांनी वाटून घेतले.

मचाण एका बाजूला कललं, कुरकुरलं, आणि फांद्या, फळ्या, बाक सगळ्यांसकट पाण्यात बसलं. मोठा आवाज झाला. झाडांवरचे कावळे उडाले. व्हर्लनची पाठ हलली नाही.

मग लाट त्याच्या बोटीपर्यंत पोचली. बोट डुलली, त्यानं दोन्ही हातांनी काठ धरला, आणि तेव्हा तो वळला.

मी त्याचीच वाट बघत होते. पाण्यातून चालत त्याच्या बोटीपाशी गेले आणि सावकाश, प्रत्येक शब्द ओठांवर ठेवून म्हणाले, “आता बस तू धक्क्यावर. खोक्यावर.”

 मी वळून आमच्या बोटीकडे चालायला लागले. पाणी जड होतं, विजार फटफटत होती. मागून त्याचा आवाज आला, घोगरा, नको इतका मोठा, स्वतःचा आवाज ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा.

“माझंही अर्धं आयुष्य होतं गं त्यात, लूडी.”

मला स्पष्ट ऐकू आलं. पण उत्तर द्यायचं तर परत तोंड त्याच्याकडे करावं लागलं असतं. ते मी केलं नाही.